सांगलीतली व्हॉट्सअ‍ॅप बातमी सेवा, दोन वर्षं वापरून : ५ पैकी साडेतीन

आमच्या सांगलीत एक केबलवाल्यांचं लोकल न्यूज चॅनेल आहे, त्यांचंच यूट्यूब आणि त्यांचेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नाव लिहीत नाही, लिहिलं की ग्रुपमधून उडवतात (अनुभव माझा नाही, जावेचा). आता, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, त्यांनी वर्षाला ३०० रुपये मागायला सुरुवात केलीय आणि सोसायटीतल्या चौघीजणी विचारत होत्या भरावेत का, प्रत्येकीला जिन्यात गाठून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पुराचा चिखल काढून झालाय, आज जरा वेळ आहे.

मी ग्रुप नंबर १७ मध्ये. तेव्हा एका ग्रुपात २५६ च माणसं मावायची त्यामुळे यांचे ग्रुपच ग्रुप झालेले. मी घुसले २०१९ च्या पुरात, कारण माहेर गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, आणि आईबाबा घर सोडायला तयार नाहीत. त्या आठवड्यात सांगलीत कुणी कुणाला जेवलात का विचारत नव्हतं, आयर्विन किती झाला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, हेच विचारायचे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि तेव्हा पाणी ५७ च्याही वर गेलं. ग्रुपवर तासातासाला एक ओळ यायची. वेळ, फूट, इंच, वाढ का उतार. बास. खाली ना म्युझिक ना ब्रेकिंग. मला वाटतं यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि नंतर जिथं जिथं हे चुकले तिथं ती एक ओळ विसरले म्हणून चुकले.

मग २०२० चा मार्च. २२ ला जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात चौघं कोरोना पॉझिटिव्ह, सौदीहून आलेले. आठवडाभरात आकडा पंचवीसच्या घरात गेला आणि आमचा जिल्हा एकदम देशभरच्या टीव्हीवर. मुंबईच्या स्टुडिओतून नकाशावर लाल गोल काढून ओरडत होते, आणि इथं आम्हाला प्रश्न काय, तर उद्या दूध येणार का. पेपरवाल्या काकांनी पेपर टाकणं बंद केलं, आणि टाकला असता तरी सासूबाईंनी घरात घेतला नसता, त्या दुधाची पिशवीसुद्धा आधी साबणानं धुवायच्या आणि मग नळाखाली धरून माझ्याकडे बघायच्या की अजून धुवू का.

त्या दिवसांत हा ग्रुप खरंच कामाला आला. रोज संध्याकाळी सातला बुलेटिन, सांगली वेगळी, मिरज वेगळी, कुपवाड वेगळं, मग तालुके, नवीन किती, बरे किती, गेले किती. महापालिका एकच असली तरी मिरजेचा आकडा सांगलीत मिसळला की दोन्हीकडचे भांडतात हे यांना बरोबर माहिती. त्याखाली बारीकसारीक, जे मोठ्या चॅनेलवर कधीच येणार नाही. भाजी उद्या कुठल्या मैदानात बसणार, कुठल्या पेठेत बॅरिकेड, पाणी एक वेळ का दोन वेळ, मिरजेच्या सिव्हिलला बाकीची ओपीडी चालू का बंद. इस्लामपूरचे बहुतेक पेशंट एप्रिलच्या मध्यापर्यंत बरे होऊन घरी गेले ती बातमी पण यांनी नीट दिली, टाळ्यांच्या व्हिडिओसकट. टीव्हीवाले तोवर दुसरीकडे ओरडायला गेले होते.

आणखी एक जमतं यांना. सरकारी आदेश आला की आठदहा पानांचा पीडीएफ सगळीकडे फिरतो आणि वाचून कुणाला काही कळत नाही. हे लोक त्याच्या सहा ओळी करतात. किराणा किती ते किती, सलून चालू का, लग्नाला किती माणसं. यंदा, २०२१ च्या एप्रिलमध्ये, किराणा सकाळी सात ते अकरा झाला तेव्हा मला पहिल्यांदा इथूनच कळलं. आणि आता ऑगस्टमध्ये बाकीच्या महाराष्ट्राला सूट मिळाली आणि ११ जिल्हे लेव्हल ३ मध्येच, म्हणजे निर्बंधांच्या वरच्या पायरीवरच राहिले, त्यात आपण, म्हणजे चार वाजता शटर खाली, ते पण यांनी बिनचूक सांगितलं. व्यापारी चिडले, पण निदान चारला चिडले, सहाला पोलिसांशी नाही.

आता तक्रार. गेल्या वर्षी, २०२० च्या जुलैमध्ये, एका सकाळी ब्रेकिंग, विश्रामबागेत अमुक सोसायटीत रुग्ण सापडला, आणि नाव आमच्या सोसायटीचं. आमच्याकडे कुणालाही शिंक नाही. नंतर कळलं की त्याच नावाची दुसरी सोसायटी आहे कुपवाड बाजूला, रुग्ण तिथला. पण तोवर दूधवाल्यानं पिशव्या गेटच्या आकड्याला लावून लांबूनच शिट्टी मारली आणि गेला, कामाच्या मावशींना त्यांच्या मालकांनी येऊ दिलं नाही, आणि समोरच्या किराणावाल्यानं, ज्याच्याकडे मी बारा वर्षं उधारी फेडतेय, काउंटरवर दोरी बांधून मला म्हणाला, ताई, यादी व्हॉट्सअ‍ॅप करा. मी अ‍ॅडमिनना मेसेज केला, म्हणाले ताई सोर्स पक्का आहे. कुठला सोर्स ओ, मीच राहते इथं! दुरुस्ती आली दुसऱ्या दिवशी रात्री अकराला, एका ओळीत, ‘वाचकांनी नोंद घ्यावी’ म्हणून, वाढदिवसाच्या दोन जाहिरातींच्या मधे. तोवर मूळ ब्रेकिंग फॉरवर्ड होत होत दोन बाणांचं होऊन पुण्यातल्या नणंदेपर्यंत पोचलं होतं. दीड स्टार तिथं गेला आणि तो काही परत येणार नाही.

बरं, जे खरंच पॉझिटिव्ह होते त्यांचं तरी काय. पहिल्या लाटेत गल्ली, घराचा फोटो, अँब्युलन्समध्ये चढतानाचा व्हिडिओ, चेहरा झाकलाय म्हणून झालं का, चालण्यावरून माणूस ओळखतो आपण. यंदा ते बंद केलंय हे मान्य, पण त्याचं कारण बहुतेक इतकंच की यंदा घराघरात होते, कुणाकुणाचा फोटो काढणार.

यंदाच्या एप्रिल-मेबद्दल जास्त लिहवत नाही. बेडची यादी टाकायचे, फोन लावला की एंगेज नाहीतर ‘आत्ताच भरला’. त्यात यांचा दोष नाही, यादी टाइप होईपर्यंतच शिळी होत होती. पण कोरोनाचं ते इंजेक्शन, रेमडेसिव्हिर, मिळेल म्हणून कुणाकुणाचे खाजगी नंबर न तपासता टाकले ते चुकलंच, ते वाटप कलेक्टर ऑफिसकडून हॉस्पिटललाच होत होतं, नातेवाइकांनी कशाला पळायचं, पण माणूस पळतोच ना. आणि निधनाच्या ओळी. आधी आठवड्याला दोनतीन यायच्या, फोटो, रक्षाविसर्जन अमुक वाजता. मग दिवसाला दहा, बारा, फोटो नाहीत, आणि प्रत्येकीखाली तेच, ‘अंत्यविधी झाला आहे, भेटायला येऊ नये, फोनवरच बोलावे’. सासरे रोज रात्री चष्मा लावून त्या वाचायचे. एकदा वाचता वाचता थांबले, मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाले, आमच्या वर्गातला होता. फोन करा की म्हटलं, तर म्हणाले कुणाला करू, नंबर त्याचाच आहे.

लसीच्या बाबतीत पूर्ण मार्क. रात्री दहाच्या सुमाराला मेसेज येतो, उद्या कुठल्या केंद्रावर कोविशिल्ड, किती डोस, टोकन का ऑनलाइन, पहिला का दुसरा. मध्ये दुसऱ्या डोसचं अंतर ८४ दिवस झालं तेव्हा सासूबाई रांगेत उभ्या राहून परत आलेल्या, त्यानंतर यांनी तारखेवरून दिवस मोजून द्यायचा तक्ताच टाकला, तो मी फ्रिजवर चिकटवलाय.

जाहिराती फार. काढा, सॅनिटायझर, नगरसेवकांनी आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या वाटतानाचे फोटो (गोळ्या छोट्या, नगरसेवक मोठे), आणि बुलेटिनच्या आधीचं ते धडाम धडाम म्युझिक, ‘थोड्याच वेळात’ म्हणत वीस मिनिटं घालवणार. यूट्यूब बघूच नका, व्हॉट्सअ‍ॅप पुरे.

आणि मग गेल्या महिन्यात परत पाणी. २३ जुलैपासून आकडे सुरू, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मग मारुती चौक, पाणी ५० च्या वर. एकाच मेसेजमध्ये वर आयर्विनचे फूट आणि खाली आजचे पॉझिटिव्ह, असं पहिल्यांदाच बघितलं. पण परत तीच जुनी एक ओळ, वेळ, फूट, इंच, वाढ. ४१ फुटाला मी बाबांना फोन केला, या वेळी निघाले मुकाट्यानं, आईनं फक्त लोणच्याच्या बरण्या माळ्यावर टाकायला अर्धा तास घेतला.

तर ३०० रुपये मी भरलेत. ग्रुप म्यूट केलाय, ब्रेकिंग लिहिलेलं उघडत नाही, सकाळी सहाचा आयर्विन आणि रात्री दहाची लस एवढंच बघते. नवीन ग्रुपची लिंक हवी असेल तर मला मागू नका, मी अ‍ॅडमिन नाही, आणि हे वाचल्यावर होण्याची शक्यताही नाही.