मासिक मेंबरशिप की वार्षिक वर्गणी: सिनेमाच्या पॉडकास्टसाठी काय निवडाल?

सिनेमावर मराठीत बोलणारा स्वतंत्र पॉडकास्ट जाहिरातींवर तग धरत नाही, हे तुम्ही तो काही महिने चालवला असेल तर एव्हाना कळलंच असेल. प्रायोजक मिळाला तरी नवा प्रश्न उभा राहतो. ज्या निर्मात्याच्या जाहिरातीवर भाग चालला, त्याचाच सिनेमा फसला असेल तर ते स्पष्ट बोलता येणार का? त्यामुळे पैसे श्रोत्यांकडूनच घ्यायचे, इथपर्यंत बहुतेकांचं ठरतं. घोडं अडतं ते पुढे. कसे घ्यायचे?

मी आणि माझा सहनिवेदक मित्र, आम्ही तिन्ही वाटा चालून पाहिल्या: यूट्यूबची चॅनल मेंबरशिप, परदेशी साइटवरचं मासिक सदस्यत्व, आणि वर्षातून एकदा यूपीआयने थेट वर्गणी. आज आमचा बहुतेक खर्च तिसऱ्या वाटेने निघतो. पण पहिल्या दोन वाटा वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. तुमचे श्रोते कुठे राहतात आणि कोणत्या वयाचे आहेत, यावर बरंच अवलंबून आहे.

यूट्यूबचं थोडक्यात सांगतो. पात्रतेची अट २०२३ पासून बरीच खाली आली. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचा वॉच टाइम असला की मेंबरशिप सुरू करता येते. बटण व्हिडिओखालीच असतं, रक्कम रुपयांत असते, श्रोत्याला कुठे नवं खातं काढावं लागत नाही. कर वजा जाता उरलेल्या रकमेतले ७० टक्के तुमचे, ३० टक्के यूट्यूबचे. हे ३० टक्के मला फारसे खुपत नाहीत, कारण त्या बदल्यात नवे श्रोते मिळतात. खुपतं ते वेगळंच. आमचा कार्यक्रम लोक कानांनी ऐकतात: भाजी निवडताना, कर्जत लोकलमध्ये, एक्स्प्रेसवेवर गाडी चालवताना. यूट्यूबचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम नसेल तर फोनची स्क्रीन बंद झाली की यूट्यूबचा आवाजही बंद. म्हणजे ज्याने पैसे भरले, त्यालाच खास भाग ऐकायला स्क्रीन चालू ठेवून बसायचं. त्यात सिनेमावाल्यांच्या मागे कंटेंट आयडी, म्हणजे कॉपीराइट असलेलं संगीत-दृश्य आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, असतेच. एखाद्या गाण्याचं कडवं वाजवून त्याच्या चालीबद्दल बोललात की हक्काचा दावा, म्हणजे क्लेम, आला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी मुभा आहे, पण यंत्राला ती ओळखता येत नाही, दाद तुम्हालाच मागावी लागते. तरीही तुमचा कार्यक्रम कॅमेऱ्यासमोर होत असेल, लोक तुमचे चेहरे पाहायला येत असतील, तर फार विचार न करता यूट्यूब घ्या.

परदेशी मेंबरशिप साइट ही पॉडकास्टवाल्यांसाठी खरोखरच विचार करून केलेली सोय आहे. पॅट्रिऑन २०१३ पासून आहे आणि जगभरातले कितीतरी स्वतंत्र पॉडकास्ट त्यावर उभे आहेत. प्रत्येक सदस्याला स्वतःची खासगी आरएसएस लिंक, म्हणजे नवे भाग आपोआप ॲपमध्ये आणणारा पत्ता, मिळते, ती तो आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये टाकतो आणि खास भाग बाकीच्या भागांच्या रांगेत येऊन बसतात. स्क्रीन बंद, फोन खिशात, आवाज चालू. आमच्यासारख्या कार्यक्रमाला याहून चांगलं काय हवं?

खर्चाचं गणित जरा पसरट आहे. ऑगस्ट २०२५ नंतर उघडलेल्या पानांवर पॅट्रिऑनचा हिस्सा १० टक्के, त्यावर पैसे स्वीकारण्याचा आकार, चलनबदलाचा आकार वेगळा. भारतीय श्रोत्याच्या बाजूनेही बँक परकीय चलनातल्या व्यवहारावर साधारण २ ते ३.५ टक्के लावते, त्यावर जीएसटी. आयफोनच्या ॲपमधून सदस्य झालं तर ॲपलचाही वाटा येतो, म्हणून श्रोत्यांना ब्राउझरमधूनच यायला सांगा. हे सगळं मिळून बोचतं, पण चालवून घेता येतं. टक्केवारीमुळे आम्ही तिथून हललो नाही.

हललो ते न वठलेल्या पैशांमुळे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम कडक केले. आधी ओटीपी देऊन नोंदणी, प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना, आणि ठरावीक मर्यादेवर पुन्हा ओटीपी. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण बाहेरच्या अनेक साइट या व्यवस्थेत नीट बसत नाहीत, आणि भारतीय कार्डावरचा मासिक व्यवहार एखाद्या महिन्यात होतो, एखाद्या महिन्यात होत नाही. शिवाय २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते आपण सुरू करून घ्यावे लागतात.

व्यवहार फसला की साइटकडून सदस्याला आपोआप मेल जातो. इंग्रजीत. तुमचं पेमेंट नाकारलं गेलं आहे, कृपया माहिती दुरुस्त करा. वर नाव आमच्या कार्यक्रमाचं. काही दिवसांनी तोच मेल पुन्हा. मग सदस्यत्व स्थगित, आणि खासगी लिंकवर भाग यायचे बंद.

सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षिका आमच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी. मुलाने कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून दिले होते, तेवढ्यावर त्या सदस्य झाल्या. असा मेल दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी मला व्हॉट्सॲपवर पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. शिल्लक रकमेखाली पेनाने रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं: ‘दादा, पैसे आहेत खात्यात. पासबुक भरून आणलं. आमचं काही चुकलं असेल तर सांगा.’

त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. प्रभातच्या सिनेमांवरचा भाग ऐकून ज्यांनी आपल्या वडिलांनी ते सिनेमे कोणत्या थिएटरात पाहिले याची आठवण आम्हाला लिहून पाठवली होती, त्या बाईंना स्वतःचा खरेपणा सिद्ध करायला पासबुक दाखवावं लागलं, आणि तेही आमच्या नावाने गेलेल्या मेलमुळे. मला ते फार लागलं. आपण ज्यांच्याकडे आपुलकीने हात पुढे करतो, त्यांना दर महिन्याला तगादा जाणार असेल तर ती पद्धत आपली नव्हे, असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाला हे एवढं मोठं वाटणार नाही, हे मी समजू शकतो.

याला आणखी एक बाजू आहे. ज्यांनी विचारलं त्यांचं कळलं तरी. न विचारता गळून गेलेले बहुतेक लोक कार्ड अडल्यामुळे गेले की भाग आवडला नाही म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. जुन्या मराठी सिनेमावर तासभर बोललो आणि त्याच आठवड्यात सदस्य कमी झाले, तर मन लगेच त्या दोन गोष्टी जोडतं. पुढचा विषय असल्या आकड्यावरून ठरायला लागला की कार्यक्रमाची वाट लागायला वेळ लागत नाही.

मग यूपीआय ऑटोपे का नाही, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. जुलै २०२० मध्ये आलेली ही सोय कार्डापेक्षा खूपच सरळ आहे. रक्कम रुपयांत, आदल्या दिवशी ॲपमध्ये सूचना, नको असेल तर श्रोता स्वतः बंद करू शकतो. त्यासाठी पेमेंट गेटवेकडे, म्हणजे आपल्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे, नोंदणी करावी लागते. तुमचे श्रोते तिशीच्या आतबाहेरचे असतील तर हा पर्याय गंभीरपणे पाहा. आमचे बरेच श्रोते साठीच्या पुढचे. फसवणुकीच्या बातम्या वाचून त्यांनी ‘आपोआप कापले जातील’ या शब्दांचाच धसका घेतलेला आहे, आणि मला तो चुकीचा वाटत नाही. त्यांना समजावून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी, द्यायला लावणं माझ्याच्याने झालं नसतं.

आता वार्षिक वर्गणी. श्रोता वर्षातून एकदा १,००० रुपये देतो, क्यूआर स्कॅन करून. थेट यूपीआयने आले तर पूर्ण हजार मिळतात. गेटवेतून घेतले आणि त्याचा आकार २ टक्के अधिक त्यावर १८ टक्के जीएसटी असा धरला, तर २३ रुपये ६० पैसे जातात. याउलट महिना १०० रुपयांप्रमाणे वर्षाचे १,२०० कुणी यूट्यूबवर दिले, तर त्यातला जीएसटी आणि यूट्यूबचा वाटा जाऊन हाती साधारण ७१० येतात. श्रोत्याने दोनशे कमी देऊनही आपल्याला जास्त मिळतात.

माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा मोठा फायदा असा की, सिनेमाच्या पॉडकास्टचा खर्चच मुळी महिन्याच्या मापात येत नाही. होस्टिंग, म्हणजे भाग इंटरनेटवर ठेवायची जागा, तिचे पैसे वर्षाचे भरायचे. जानेवारीच्या आसपास पुण्यात पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जो २००४ पासून गोव्यात होतो. डेलिगेट नोंदणी, गाडीचं तिकीट, पणजीत राहायची सोय, हे सगळं एकदम लागतं. मासिक सदस्यत्वाची बोली मात्र दर महिन्याला खास भाग देण्याची. एखाद्या महिन्यात बोलण्यासारखा सिनेमाच येत नाही, तरी बोलावं लागतं, आणि श्रोत्याला ते ऐकू येतं. वर्गणीत आम्ही एवढंच सांगतो की वर्षभर कार्यक्रम सुरू राहील आणि सगळे भाग सगळ्यांसाठी खुले असतील. दिवाळी अंकाची आगाऊ मागणी नोंदवणाऱ्या मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

त्रास यातही आहे, तो लपवत नाही. यूपीआयने पैसे आले की बँकेत दिसतं फक्त खातेदाराचं नाव आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक. म्हणून आम्ही छोटा फॉर्म ठेवला आहे: नाव, गाव, व्हॉट्सॲप नंबर, तो क्रमांक. तरी घोळ होतोच. फॉर्म आईच्या नावाने, पैसे मुलाच्या खात्यातून. कुणी पैसे भरतं आणि फॉर्म विसरतं, कुणी फॉर्म भरून पैसे दुसऱ्या दिवशी पाठवतं. वर्गणीच्या दिवसांत रविवारची सकाळ मित्राची आणि माझी हे जुळवण्यात जाते. पण जुळवताना प्रत्येक नाव डोळ्यांखालून जातं. कोण सावंतवाडीचं, कोण नांदेडचं, कोण इंदूरचं, हे माहीत होतं, आणि कुणाला काही विचारायचं झालं तर मराठीत, आम्ही स्वतः विचारतो. वर्ष संपलं की एक व्हॉइस मेसेज जातो. दिली वर्गणी तर आनंद, नाही दिली तरी काहीच बंद होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोयही बंद झाली. मला तर ते बरंच वाटलं.

पैशांसाठी खातं मात्र वेगळं ठेवा. वर्षाची रक्कम दोन-तीन आठवड्यांत येते आणि घरखर्चात मिसळली की उन्हाळ्यात एडिटिंगचे पैसे द्यायला हात आखडतो. पैसे कशापोटी घेतले हे पावतीवर स्पष्ट लिहा, विवरणपत्रात उत्पन्न दाखवा, आणि परदेशातून काही येणार असेल तर आधी एकदा सीएशी बोलून घ्या.

कार्यक्रम अगदी नवा असेल तर वार्षिक वर्गणी मागू नका, असं मी सुचवेन. वर्षाचे पैसे आगाऊ देणाऱ्याला तुमच्या सातत्याचा पुरावा हवा असतो, आणि तो आधी भाग काढूनच देता येतो. तोपर्यंत महिन्याला थोडी रक्कम घेणं दोघांनाही सोपं जातं. तुम्ही एकटेच सगळं करत असाल आणि फॉर्म जुळवायला कुणीच नसेल, तरी मासिक पद्धतीचा विचार करा.

आणि श्रोते परदेशात जास्त असतील तर माझं वरचं बरंचसं म्हणणं उलटं होतं. तिथल्या कार्डांना हा मँडेटचा अडसर नाही, अमेरिकेतल्यांना डॉलरची रक्कम त्यांच्याच चलनातली, आणि मासिक वजावटीची त्यांना सवय असते. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं इथल्या बँकेतलं खातं असलेल्यांना काही देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही यूपीआय वापरता येतं, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या आणि इथे खातं नसलेल्या श्रोत्याला त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी आम्ही परदेशी साइटवरचं पान चालू ठेवलं आहे. न्यू जर्सीतून किंवा लंडनहून येणारे पैसे तिथे दर महिन्याला बिनबोभाट येतात.

वर्गणी उघडायची वेळ आम्ही दसरा धरतो, म्हणजे इफ्फीच्या आधी रक्कम हाती असते. त्या आठवड्याच्या भागात मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवतो, होस्टिंगपासून पणजीतल्या खोलीच्या भाड्यापर्यंत. ऐकणाऱ्यांच्या आकड्यात तो भाग कधी वर नसतो. पण बरीचशी वर्गणी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच येते.