साडेतीनशेचा पंप, वीस रुपयांचा व्हॉल्व्ह आणि माझी कोळंबी (सात महिन्यांनंतर)

गेल्या गुरुवारी सकाळी दहाला गेलेली वीज चारला आली. मी संध्याकाळी घरी पोचलो तर टेबलाखाली थारोळं, कोळंबीच्या काचेच्या टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं आणि हवेचा पंप कायमचा गप्प. टाकी टेबलावर, पंप फरशीवर. हवा थांबली की स्पंज फिल्टरच्या (पंपाच्या हवेवर चालणारा, पाणी स्पंजातून गाळणारा) नळीतून पाणी उलटं खाली येतं, तसं ते आलं आणि पंपाच्या पोटात गेलं.

हे अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वीस रुपयांना मिळतो. साडेतीनशेच्या पंपासोबत तो देत नाहीत. खोक्यावर माशांचे सुंदर फोटो, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा'. दुकानदार म्हणाला, "साहेब, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." आणि वर व्हॉल्व्हची पिशवी पुढे सरकवली. नाही घेतला. घासाघीस करून तसाच नवा पंप सव्वातीनशेला आणला आणि पडद्याच्या खिळ्याला सुतळीने टांगला. पाण्याच्या वर म्हणजे वर!

पंपावरचा राग स्पंज फिल्टरवर काढणार नाही. दीडशे रुपयांत इतकी कामाची वस्तू या छंदात दुसरी नाही. आधी माझ्याकडे काठावर अडकवायचा मोटरवाला फिल्टर होता. चेरी श्रिंपची (माझी कोळंबी ती हीच, लाल आणि इवलीशी) मादी महिनाभर पोटाखाली अंडी घेऊन फिरली, पंचवीसेक पिल्लं झाली, दोन दिवसांत दिसेनाशी. फिल्टर धुवायला उघडला तर त्याच्या डब्यात अकरा पिल्लं मजेत चरत होती. बाकीची कुठे गेली ते विचारू नका. स्पंज पिल्लांना ओढत नाही, उलट त्यावरचा गाळ हेच त्यांचं जेवण. पंधरा दिवसांनी टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धरलात तर क्लोरीनने आतले उपयोगी जिवाणू मरतात.

सुरुवातीची चूक सगळे करतात ती मीही केली. नव्या टाकीत तिसऱ्या दिवशी दहा श्रिंप सोडल्या, आठवड्यात सात गेल्या. मग ते उपयोगी जिवाणू वाढावेत म्हणून महिनाभर टाकी नुसती चालवली आणि पुन्हा आणल्या. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) साडेपाचशेच्या आसपास. त्यात निम्मं आरओचं मिसळतो. सोसायटीतल्या देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकतो. तीच पानं ऑनलाइन पाकिटात विकतात, हे वाचून मी अर्धा तास हसलो. आता श्रिंप ऐंशीच्या वर असतील. आई टाकीशी उभी राहून म्हणते, "चटणीपुरता जवळा झाला की सांग."

नंतरची भर, दहा दिवसांनी : वर जे मिरवलं ते थोडं मागे घेतो. पंप टांगल्यावर दोन रात्रींत चार श्रिंप आडव्या पडल्या. पाणी तपासलं, अमोनिया (घाणीतून तयार होणारं विष) शून्य. मग वर पाहिलं. खिळ्याच्या वीतभर खाली डासांचं लिक्विड मशीन. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डास मारणारी औषधं कोळंबीलाही सोडत नाहीत. तेच कारण होतं असं छातीठोकपणे सांगत नाही. पण मशीन दुसऱ्या खोलीत नेलं, निम्मं पाणी दोन दिवसांत थोडं थोडं करून बदललं, त्यानंतर एकही गेली नाही. शिवाय भिंतीला लागून पंप रात्रभर असा घुमतो की शेजारच्या काकांनी "पिठाची चक्की घेतली का?" असं विचारलं.

तर काल त्याच दुकानात गेलो. दोन व्हॉल्व्ह घेतले, चाळीस रुपये. पाच कमी करा म्हटलं, केले नाहीत. घरी आल्यावर पहिला उलटा बसवला, बुडबुडेच येईनात. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीच्या दिशेने असायला हवा. आता पंप परत फरशीवर, खाली दुमडलेलं पायपुसणं. दुसरा व्हॉल्व्ह ड्रॉवरमध्ये पडून आहे.