गोठणारे वायपर: हिवाळी ब्लेड, काचेचं कव्हर आणि स्प्रे, पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर

तिन्ही वस्तू हिवाळाभर वापरून झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. गाडी रात्री उघड्यावर उभी असते, वर छप्पर नाही. ज्यांना बंद गॅरेज आहे त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

माझा क्रम असा: आधी कव्हर, मग ब्लेड, सगळ्यात शेवटी स्प्रे. खरेदी मात्र बहुतेक जण नेमकी उलटी करतात, कारण स्प्रेचा डबा छोटा असतो आणि ऐन वेळी पटकन हाती लागतो.

ब्लेडपासून सुरुवात करतो. आधीची ब्लेड जुन्या घडणीची होती, धातूच्या सांगाड्याची. त्या सांगाड्याला चार-सहा सांधे असतात आणि काचेच्या बाकानुसार रबर वाकवायचं काम तेच करतात. बर्फ जाऊन बसतो तोही नेमका या सांध्यांतच. मग ब्लेड दोन्ही टोकांना काचेला टेकतं, मध्ये अधांतरी राहतं, आणि न पुसलेला पट्टा बरोब्बर डोळ्यांसमोर येतो. हिवाळी ब्लेडमध्ये यावर दोन उपाय मिळतात. एकात सांगाड्यावर रबराची पिशवी चढवलेली असते. दुसऱ्यात सांगाडाच नसतो, रबराच्या आतून स्प्रिंगच्या पोलादाची एक सलग पट्टी जाते. मी दुसरा प्रकार घेतला, सिलिकॉनच्या कडेचा. सिलिकॉन थंडीत साध्या रबराइतकं कडक होत नाही.

फरक पडला, पण जाहिरातीत दाखवतात तसा नाही. काच ओली असताना पारा शून्याखाली गेला, की ब्लेड कुठलंही असो, कड काचेला चिकटतेच. सिलिकॉनचा फायदा सुटताना कळतो. साध्या रबराला सोडवताना कडेचा बारीकसा टवका निघतो. तो सहज दिसतही नाही, पण नंतर प्रत्येक फेरीला काचेवर केसाएवढी पाण्याची रेघ उमटते आणि समोरून दिवे आले की ती चमकते. नवीन ब्लेडला हिवाळाभरात अशी एकही रेघ आली नाही. चिकटलेलं ब्लेड सोडवताना मधोमध धरून ओढू नये. बोटाने एका टोकापासून हळूहळू सोलत जावं, बारीक कडकड आवाज येतो आणि कड मोकळी होते. तक्रार एवढीच की कोरड्या, गार काचेवर ही ब्लेड थरथरतात. रिमझिम थांबल्यावर वायपर सुरू राहिला तर तो आवाज अक्षरशः डोकं उठवतो.

आता फुकटातली गोष्ट, जिचा उपयोग मला या तिन्ही वस्तूंपेक्षा जास्त वाटला. इंजिन बंद करण्याआधी वायपरचा खटका बंद करायचा, आणि वायपर पूर्ण खाली येऊन थांबले की मगच चावी फिरवायची. खटका चालू राहिला तर सकाळी गाडी सुरू होताच मोटर चिकटलेल्या ब्लेडशी झगडायला लागते. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर हा धोका जास्तच, कारण ते 'ऑटो'वर आहेत हे आपल्या लक्षातही नसतं. फ्यूज उडाला तर स्वस्तात सुटलात म्हणायचं. नाहीतर दांडा ज्या दातेरी खिळीवर बसतो तिथले दाते झिजतात. मग मोटर फिरत राहते आणि दांडा जागचा हलत नाही.

रात्री दांडे उभे करून ठेवावेत का, यावर दोन तट आहेत. माझं मत असं: वारा नसेल आणि कव्हर नसेल, तर खुशाल उभे करा. वारा असेल तर अजिबात नको. दांड्याच्या मुळाशी दणकट स्प्रिंग असते. झोताने दांडा सुटला की थेट काचेवर आदळतो, आणि बदलायला वायपर नव्हे, काच लागते. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. तिथे दांडा तसाच वर ओढला तर बॉनेटचा रंग खरवडला जातो. त्यासाठी गाडीत सर्व्हिस पोझिशन, म्हणजे वायपर काचेवर वर आणून थांबवायची सोय, दिलेली असते, ती कशी लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत सापडतं.

कव्हरकडे वळतो. हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही काचेवर पांढरं हिव का धरतं, असा प्रश्न अनेकांना पडतो. आकाश निरभ्र असलं की काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. कव्हर मधे आलं की हे थांबतं. म्हणूनच छपराखाली किंवा दाट झाडाखाली उभ्या गाडीवर हिव कमी दिसतं. माझं कव्हर वायपरसकट काच झाकतं, दोन्ही बाजूंचे पंख दारात अडकवायचे असतात. सकाळी एक कड धरून ओढलं की वरचा बर्फ त्याच्यासोबतच खाली येतो आणि आतली काच स्वच्छ, वायपर मोकळे.

पण त्याचे नखरेही आहेत. काच ओली असताना टाकलं तर कव्हरच काचेला चिकटून बसतं, आणि ते सोडवणं हिव खरवडण्यापेक्षा वैतागवाणं. म्हणून पाऊस पडून मग थंडी वाढणार असेल, तर आधी काच फडक्याने कोरडी करायची. कडेला लोहचुंबक असलेल्या कव्हरखाली धूळ राहिली तर रंगावर ओरखडे उठतात. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे ओलं कव्हर गाडीत टाकलं की काचेला आतून वाफ धरते. बाहेरची कटकट घालवली आणि तीच आत आणून ठेवली, असा प्रकार. मी आता ते झटकून पिशवीत बंद करतो आणि डिकीत ठेवतो.

स्प्रेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आत मुख्यतः अल्कोहोल असतं. पातळ हिवावर तो झटकन चालतो, जाड बर्फावर अर्धा डबा संपवला तरी खरवडणी हातात घ्यावीच लागते. घरी करायचा असेल तर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग. शुद्ध आयसोप्रोपिल उणे ८९ अंशांना गोठतं, त्यामुळे या मिश्रणाला नेहमीच्या थंडीचं काही वाटत नाही. मात्र ते पेट घेतं, जवळपास विडी-सिगारेट नको. व्हिनेगरची शिफारस सर्रास ऐकू येते, पण खाण्याच्या व्हिनेगरमध्ये बहुतांश पाणीच असतं, त्याने गोठणबिंदू जेमतेम एक-दोन अंश खाली जातो. आणि उकळतं पाणी मुळीच नाही. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा थर. अचानक तापलेली बाहेरची काच एखाद्या जुन्या बारीक टवक्यापासून तडकत जाते.

वॉशरच्या टाकीत साधं पाणी ठेवलंत तर नळी गोठते, पंपही जाऊ शकतो. हिवाळी द्रव घ्यायचा, आणि तो दाट स्वरूपात असेल तर डब्यावर दिलेल्या तक्त्याप्रमाणेच पातळ करायचा. तरी एक धोका उरतो. गार काचेवर धावत्या गाडीत फवारा मारला की वाऱ्याने द्रवातलं अल्कोहोल उडून जातं, मागे पाणी राहतं आणि क्षणात समोर दुधी पडदा. काच हीटरने कोमट झाल्याशिवाय मी फवाऱ्याला हातच लावत नाही. हीटरची हवा काचेकडे, एसी चालू, आतली हवा फिरवणारं बटण बंद. थंडीत एसी कशाला, असं वाटेल, पण तो हवेतली ओल काढतो.

काचेच्या तळाशी, बॉनेटच्या कडेला साचलेला बर्फ हाताने काढायला विसरू नका. हीटर हवा घेतो ती तिथूनच, आणि वायपर खाली येऊन टेकतात तेही तिथेच. वरची काच लख्ख करून ही खाच तशीच सोडली तर वायपर परतताना बर्फाच्या ढेकळावर आपटतात.

मागच्या काचेचा वायपर मात्र अजून सुटलेला प्रश्न नाही. कव्हर तिथवर पोचत नाही आणि हिवाळी ब्लेड त्या मापात मला मिळालं नाही. उरलेला स्प्रे तिथेच खर्ची पडतो. तिथली काच तारांनी तापते, पण बऱ्याच गाड्यांत वायपर टेकतो त्या भागात तारा नसतात. त्यामुळे सगळी काच मोकळी होते आणि वायपर चिकटलेलाच राहतो. तो बोटाने सोडवल्याशिवाय मी मागचं बटण दाबत नाही.