टीव्हीला वायरलेस हेडफोन: आतलं ब्लूटूथ, ऑप्टिकलची डबी की रेडिओचा स्टँड?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ आहे, हेडफोनमध्येही आहे, आणि दोघांची जोडी मिनिटभरात लागते. तरीही हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो, कारण खरी कटकट जोडी लागल्यानंतर सुरू होते. वाटा मुख्यतः तीन आहेत: टीव्हीचं स्वतःचं ब्लूटूथ, टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला (आवाज उजेडाच्या रूपात बाहेर देणाऱ्या भोकाला) लावायची, ब्लूटूथने आवाज पाठवणारी ट्रान्समीटरची डबी, आणि स्वतःचा स्टँड घेऊन येणारा रेडिओ हेडफोन. तिन्ही वापरून माझा कल एकीकडे झुकलाय, तो काही लपणार नाही. पण कोणत्या घरात उत्तर वेगळं येईल, तेही सांगतो.

आवाज मागे का पडतो

ब्लूटूथवरून आवाज पाठवायचा तर आधी तो दाबून लहान करावा लागतो, मग तुकड्यातुकड्यांनी हवेतून जातो, आणि एखादा तुकडा हरवला तरी खंड पडू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून मगच वाजवायला घेतो. या साठ्यातच बहुतेक वेळ जातो. एसबीसी हा सगळ्यांकडे असणारा कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत) वापरला तर एकूण उशीर बहुधा 150 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात असतो. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज चार ते सहा फ्रेम मागे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 या शिफारशीत आवाज चित्राच्या साधारण 125 मिलिसेकंद मागे पडला की तो जाणवू लागतो आणि 185 च्या पुढे खपत नाही, असं धरलंय. उलट आवाज चित्राच्या पुढे गेला तर 45 मिलिसेकंदही जाणवतात, कारण आधी ऐकू येणं आणि मग दिसणं हे निसर्गात कधी घडतच नाही.

तपासायला उपकरण लागत नाही. बातम्या देणारा माणूस जवळून दिसत असेल तेव्हा प, ब, म या अक्षरांकडे लक्ष ठेवा. ही ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ओठ मिटून उघडल्यावर ‘म’ कानात आला, तर उशीर आहे. गाणी किंवा निसर्गपट लावून तपासलंत तर काहीच कळणार नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकते. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला की ओठ जुळतात आणि सेट-टॉप बॉक्सवर गेलं की निसटतात, हेडफोन मात्र तोच. ॲप स्वतः चित्र चालवत असतं. आवाज पोचायला किती वेळ लागतोय याचा अंदाज घेऊन ते चित्र तेवढं थांबवून धरू शकतं, आणि बरीच ॲप्स तसं करतात. बॉक्समधून एचडीएमआय केबलवरून येणारं चित्र मात्र येईल तसं दाखवलं जातं, तिथे थांबवणारं सहसा कोणी नसतं. म्हणून तुम्ही जास्त काय बघता, यावर पहिला निर्णय ठरतो. फक्त ॲप्स बघत असाल तर आतल्या ब्लूटूथने भागून जाईल. खेळाचं थेट प्रक्षेपण बॉक्सवर बघत असाल किंवा गेम खेळत असाल, तर बहुतेक नाही.

‘सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो, तो फिरवून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो डिले बहुतेक टीव्हींत आवाज आणखी मागे ढकलण्यासाठीच असतो. आधीच मागे पडलेला आवाज त्याने पुढे येत नाही. तो शून्यावर ठेवा, आणि ‘एव्ही सिंक’खाली ‘बायपास’ असा पर्याय दिसत असेल तर तो निवडून बघा. आणखी एक उलटा उपाय: गेम मोड बंद करून चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू ठेवली, तर चित्रच थोडं उशिरा येतं आणि काही टीव्हींत ऑप्टिकलवरचा आवाज त्याला जाऊन मिळतो. दिसायला ते चित्र मला आवडत नाही, पण अडल्या वेळी चालतं.

मध्यरात्रीचा स्पीकर

उशिराशी एक वेळ जुळवून घेता येतं. माझ्यासाठी निकाल लागला तो दुसऱ्याच गोष्टीवर, आणि ती खोक्यावरच्या माहितीत कुठेही छापलेली नसते: हेडफोनची जोडणी तुटली की टीव्ही काय करतो?

आतल्या ब्लूटूथवर हेडफोन चालू असताना बहुतेक टीव्ही स्वतःचा स्पीकर बंद ठेवतात. पण जोडणी तुटल्याबरोबर आवाजाला दुसरी वाट हवी म्हणून टीव्ही स्पीकरवर परत येतो, तोही स्पीकरचा दिवसाचा आवाज जिथे ठेवलेला होता तिथेच. जोडणी तुटायला कारणं कमी नाहीत. हेडफोनची बॅटरी संपते. तोच हेडफोन फोनलाही जोडलेला असतो आणि फोन त्याला ओढून घेतो. तुम्ही पाणी प्यायला आत जाता, मधे भिंत येते. हेडफोन लावण्याचं कारणच मुळी बाकीचे झोपलेत हे असतं, आणि नेमक्या त्याच वेळी रात्री साडेबाराला खोलीत मारामारीचा प्रसंग दणाणतो. रिमोट अंधारात कुठेतरी. हे आठवड्यातून एकदा झालं तरी माणूस प्रत्येक शांत प्रसंगात बॅटरीचा टक्का बघायला लागतो, आणि मग सिनेमात मन लागत नाही.

काही टीव्हींवर हेडफोन जोडण्याआधी स्पीकरचा आवाज दोनवर आणून ठेवला तर धक्का कमी बसतो, कारण दोन्हींचे आवाज वेगवेगळे लक्षात ठेवले जातात. सगळ्यांवर ते तसं नसतं. शिवाय हे रोज लक्षात कोण ठेवणार?

ऑप्टिकलवर हा प्रश्नच उद्भवत नाही. ध्वनीच्या मेनूत आउटपुट ‘ऑप्टिकल’ निवडलं की टीव्हीच्या दृष्टीने आवाज बाहेर गेला, विषय संपला. पलीकडे डबीला कोणता हेडफोन जोडलाय, तो जिवंत आहे की नाही, हे टीव्हीला कळतच नाही. बॅटरी संपली तर शांतता पसरते, एवढंच. ज्या टीव्हीत ऑप्टिकल आणि स्पीकर एकाच वेळी चालू राहतात, तिथे स्पीकर म्यूट करण्यापेक्षा शून्यावर आणणं बरं.

डबी लावताना

डबीचं कौतुक केलं म्हणून ती बिनत्रासाची आहे असं नाही. लावल्यावर आवाज आला नाही तर बहुधा पुढचीच कारणं निघतात. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोपी असते, ती काढायची राहते. केबल टीव्हीत खोचल्यावर दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसायला हवा; दिसला म्हणजे टीव्हीची बाजू ठीक. मग डबीच्या कडेचा खटका बघा. ज्या डब्या दोन्ही कामं करतात त्यांवर टीएक्स (पाठवणं) आणि आरएक्स (घेणं) असा खटका असतो, आपल्याला टीएक्स हवं. दुसरा खटका असेल तर तो ऑप्टिकल किंवा ऑक्सचा (साध्या हेडफोन जॅकच्या वायरीचा). आणि घेतानाच नीट वाचा, कारण बाजारात नुसत्या रिसीव्हरच्या डब्याही तशाच दिसतात आणि त्या आपल्या काहीच कामाच्या नाहीत.

एवढं करूनही शांतता किंवा खरखर असेल तर टीव्हीच्या ‘डिजिटल आउटपुट’मध्ये ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ असेल ते ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा आवाज) करा. बहुतेक डब्यांना साधा दोन चॅनलचा पीसीएमच समजतो. गंमत अशी की ‘ऑटो’वर बातम्या नीट ऐकू येतात आणि सिनेमा लावला की आवाज गायब होतो, म्हणून लोक डबी खराब आहे समजून परत करतात. सेट-टॉप बॉक्समध्येही हाच पर्याय वेगळा असतो, तोही बघावा.

वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून घेतली की बरं. 500 मिलिॲम्पिअर डबीला पुरून उरतात, आणि टीव्हीबरोबर पोर्ट बंद होत असेल तर डबीही झोपते. दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला की ती शेवटच्या हेडफोनला स्वतःहून शोधते. मेनूत शिरावं लागत नाही. काही टीव्हींचा पोर्ट टीव्ही बंद असतानाही चालू राहतो. तिथे डबी रात्रभर हेडफोनला धरून बसते, सकाळी फोनला तो मिळत नाही, आणि बॅटरीही उतरलेली असते.

उशीर मात्र डबीने आपोआप जात नाही. त्यासाठी डबी आणि हेडफोन दोघांकडे ॲप्टएक्स लो लेटन्सी हा कोडेक हवा. तो असला की उशीर 40 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक फ्रेम. एकाच बाजूला असेल तर दोघं मुकाट्याने एसबीसीवर उतरतात आणि पैसे वाया जातात. नुसतं ‘ॲप्टएक्स’ लिहिलेलं पुरेसं नाही, ‘लो लेटन्सी’ हे शब्द दोन्ही खोक्यांवर हवेत. नव्या उपकरणांत त्याची जागा ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह घेतोय. तिथेही दोन्ही टोकांना तोच हवा. कानात बसणाऱ्या छोट्या इअरबड्समध्ये लो लेटन्सी क्वचितच मिळतो, म्हणून टीव्हीसाठी कानावर बसणारा मोठा हेडफोन वेगळा ठेवणं मला सोयीचं वाटतं. तो फोनला जोडलाच नाही तर ओढाओढीचा प्रश्नही मिटतो.

डबीचा खरा दोष म्हणजे ऑप्टिकलवरचा आवाज ठरावीक पातळीवर जातो, आणि बहुतेक टीव्हींच्या रिमोटने तो कमीजास्त होत नाही. हेडफोनवरची बटणं चाचपडावी लागतात. हे ज्यांना सोसत नाही त्यांनी डबी हेडफोनच्या 3.5 मिलिमीटर जॅकला लावावी, तिथे रिमोट चालतो. पण मग जॅकमध्ये पिन असेपर्यंत टीव्हीचा स्पीकर बहुधा गप्पच राहतो, सकाळी सगळ्यांना ऐकायचं तर टीव्हीमागे हात घालायचा. वीज त्याच टीव्हीच्या यूएसबीतून घेतली असेल तर कधीकधी बारीक गुणगुणही येते. ती आली तर डबीला फोनचा चार्जर लावून बघा.

रेडिओचा स्टँड

हा प्रकार जुना वाटतो, पण उशिराच्या बाबतीत त्याचा हात धरणारं कोणी नाही. ॲनालॉग रेडिओ सेटमध्ये आवाज दाबण्याची भानगडच नसल्याने उशीर जवळजवळ शून्य. त्यामुळे टीव्ही तसं करू देत असेल तर हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकाच वेळी चालवले तरी घुमल्यासारखं होत नाही. घरात एकाला कमी ऐकू येतं आणि बाकीच्यांना स्पीकर हवाय, अशा ठिकाणी मी डबीचा आग्रह धरणार नाही, तिथे हाच घ्यावा. जोडी लावायची नाही, मेनू नाही. स्टँडवरून उचलला की आवाज, परत ठेवला की चार्जिंग. वयस्कर माणसाला समजावून सांगण्यासारखं त्यात काही उरतच नाही. भिंतीपलीकडेही तो ब्लूटूथपेक्षा बराच टिकतो.

मला खटकते ती त्याची सूं सूं. शांत प्रसंगात ती ऐकू येते, निदान माझ्या कानांना. ती कमी करायची तर टीव्हीच्या जॅकचा आवाज पाऊणएक ठेवायचा आणि हेडफोनचा कमी. उलट केलं तर सूं सूं मोठी होते. काही सेटमध्ये बराच वेळ आवाज आला नाही तर स्टँड झोपतो आणि कानात एकदम खरखराट होतो. सिनेमा थांबवून उठलात तर हेडफोन आधी काढा. 2.4 गिगाहर्ट्झवरच्या डिजिटल सेटमध्ये ही खरखर नसते आणि उशीरही ब्लूटूथपेक्षा कमी असतो, पण तिथे वाय-फायच्या राउटरशी भांडण होतं. स्टँड आणि राउटर एका फळीवर ठेवू नका, मीटरभर अंतर पुरतं. गेमिंग हेडफोनबरोबर येणारा यूएसबी डोंगल मात्र थेट टीव्हीत खोचून उपयोग होईलच असं नाही. पुष्कळ टीव्ही तो पोर्ट पेनड्राइव्हपुरताच ओळखतात.

स्ट्रीमिंग स्टिकला किंवा एखाद्या ॲपमधून फोनला हेडफोन जोडणं हीदेखील एक वाट आहे, आणि सगळं त्या स्टिकवरच बघत असाल तर पदरमोड न करता आधी तीच करून पाहावी. चित्र स्टिकच्याच हातात असल्याने ओठ बहुधा जुळतात. स्टिक सोडून दुसऱ्या इनपुटवर गेलात की हेडफोन मुका.

दोघांना एकत्र ऐकायचं असेल तर दोन हेडफोन धरणारी डबी मिळते. मात्र दुसरा जोडला की काही डब्या लो लेटन्सी सोडून देतात, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतं. एलई ऑडिओ आणि ऑराकास्ट या ब्लूटूथच्या नव्या सोयींमुळे एकाच टीव्हीवरून अनेकांना आवाज पाठवता येतो, फक्त टीव्ही आणि हेडफोन दोघांनाही ते यायला हवं, आणि नुसतं ‘ब्लूटूथ 5.2’ लिहिलं म्हणजे ते आलंच असं समजू नये.

डबी मागवण्याआधी टीव्हीची मागची बाजू बघून घ्या. ऑप्टिकलचं चौकोनी भोक साउंडबारने अडवलं असेल तर साउंडबार एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टवर) हलवता येतो का ते पाहा. भोकच नसेल तर एआरसीमधून ऑप्टिकल काढून देणारा एक्स्ट्रॅक्टर मधे लावावा लागेल. एवढा पसारा नको असेल तर रेडिओचा स्टँडच जास्त सुटसुटीत पडेल.