ग्वाल्हेरच्या धुळीत दीड टनी इन्व्हर्टर एसी : एप्रिल ते सप्टेंबरचा अनुभव

दीड टनी, पाच स्टार, आर-३२ गॅसवरचा इन्व्हर्टर स्प्लिट. खोली वरच्या मजल्यावरची, छत दगडी पट्ट्यांचं, एक खिडकी पश्चिमेला. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत अशा खोल्या पुष्कळ आहेत. एक पूर्ण हंगाम वापरल्यावर मत असं : मशीन चांगलं आहे, पण ग्वाल्हेरात ते चांगलं चालतं की नाही हे धूळ ठरवते. थंडावा कमी झाला की इथे पहिलं वाक्य येतं ‘गॅस संपला असेल’. बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो, अडलेली असते ती हवा. म्हणून गॅसचा दाब मोजणारं गेज लावायची पाळी सगळ्यांत शेवटी यावी.

आधी अपेक्षा नीट ठरवून घ्या. दीड टन ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. स्टार लेबलवरचा आयएसईईआर (वीज किती कार्यक्षमतेनं वापरली जाते तो आकडा) काढतानाही बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वापर वर्षाला १६०० तास धरतात. नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीवर आउटडोअर युनिटच्या तोंडाशी हवा त्याहूनही तापलेली असते. त्यामुळे २४ वर लावलेली खोली भर दुपारी २६-२७ ला अडली तर लगेच बिघाड समजू नये. रिमोटवर १८ करूनही उपयोग नाही, कॉम्प्रेसर तेव्हा आधीच पूर्ण वेगात असतो. दगडी पट्ट्या रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, त्यामुळे अशा खोलीत विजेची बचत दिसते ती मध्यरात्रीनंतर. त्याच खोलीत कूलर मात्र जोडीला लावू नका. कूलर हवेत ओल भरतो आणि एसीची बरीच ताकद ती ओल काढण्यात जाते.

फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा असं पुस्तिकेत असतं. इथे एप्रिल ते जून दर आठवड्याला, आणि आंधी येऊन गेली की दुसऱ्याच दिवशी. पाण्याची धार जाळीच्या मागच्या बाजूनं सोडा, म्हणजे धूळ आली तशी बाहेर पडते. समोरून मारलेली धार तिला जाळीत घट्ट बसवते. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि वाळवायचं सावलीत. फिल्टरवर वेगळ्या बारीक पट्ट्या दिल्या असतील तर धुळीच्या दिवसांत त्या काढून ठेवलेल्या बऱ्या. त्या लवकर गच्च होतात आणि हवा अडवतात.

फिल्टर स्वच्छ असूनही झोत मंद वाटतो तेव्हा ब्लोअर, म्हणजे इनडोअरमधला लांबट पंखा, बघा. एसी बंद, एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप स्विच) खाली. खालचा फ्लॅप हातानं अलगद उघडून आत टॉर्च मारा. ब्लोअरच्या पात्यांच्या खोलगट बाजूला नमद्यासारखा करडा थर दिसला की कारण सापडलं. पातं भरलं की त्याचा बाक जातो आणि पंखा फिरतो तेवढाच, पण हवा कमी ढकलतो. वरवर ब्रश फिरवून हे निघत नाही. खाली पिशवी बांधून, कॉइल क्लीनर मारून, दहा-पंधरा मिनिटं मुरू देऊन हलक्या दाबाच्या पाण्यानं धुवावं लागतं.

आउटडोअरकडे लोक बघतच नाहीत, आणि थंडावा खरा जातो तो तिथेच. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळे कचरा मागच्या कॉइलच्या पातळ पत्र्यांवर बसतो : धूळ, कडुलिंबाची पानं, मांज्याचे तुकडे. वरचं झाकण काढा, पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या) डब्यावर पॉलिथिन बांधा आणि आतून बाहेर पाणी सोडा. धार पत्र्यांना सरळ असू द्या. जेट पंप तिरका धरला की मऊ ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे पडतात आणि तेवढी जागा कायमची बंद होते. मेकॅनिक कॉइलजवळ नोझल नेत असेल तर त्याला थांबवा, हातभर लांबून पुरेसं होतं. युनिटच्या मागे वीतभर आणि समोर तीन फूट जागा मोकळी हवी. दुपारी आउटडोअरवर पाणी शिंपडायची पद्धत इथे बरीच आहे. तेवढ्यापुरता फरक पडतो, पण बोअरच्या जड पाण्याचा क्षार पत्र्यांवर धरतो आणि तो धुवून जात नाही.

आता गॅस. मे महिन्यात ‘ड्रेनमधून पाणी येत नाही, म्हणजे गॅस कमी’ असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहत असताना हवेत ओलच इतकी कमी असते की कॉइलवर थेंब जमत नाहीत. हीच गोष्ट जुलैत झाली तर मात्र शंका घ्यावी. घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी : एसी टर्बोवर पंधरा मिनिटं चालवा, साधा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या जाळीशी आणि मग झोतात धरा. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस ठीक आहे. कोरड्या हवेत फरक जास्त येतो, पावसाळ्यात कमी, कारण तेव्हा बरीच शक्ती पाणी काढण्यात खर्च होते. गॅस खरोखर कमी असेल तर आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी बारीक, पाव इंची नळीवर बर्फ धरतो, किंवा नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटाशी तेलकट डाग दिसतो. तिथे साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. पूर्ण इनडोअर कॉइलवर बर्फ असेल तर आधी फिल्टर आणि ब्लोअर तपासा.

गॅस वापरानं संपत नाही, गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जातो. योग्य क्रम असा : उरलेला गॅस काढणं, नायट्रोजननं दाब देऊन गळती शोधणं, ती दुरुस्त करणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढणं, आणि मग नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजन काट्यावर मोजून भरणं. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो, म्हणून नुसतं प्रेशर बघून भरणं हा अंदाजपंचे कारभार आहे. मेकॅनिककडे वजनकाटा नसेल तर त्याच्याकडून गॅस भरून घेऊ नये, यावर ठाम राहा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा नळीत गॅस असताना ब्रेझिंगची (नळी सांधायची) ज्योत जवळ आणू देऊ नका.

पावसाळ्यात प्रश्नच बदलतो. मे-जूनमध्ये आत साचलेली धूळ जुलैच्या पाण्यात कालवली जाऊन ट्रेमध्ये चिखल होतो, ड्रेन तुंबतो आणि भिंतीवर ओघळ येतात. म्हणून वर्षातून एकदाच ओली सर्व्हिस (पाण्यानं आतून धुणं) परवडत असेल तर ती मार्चऐवजी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. मार्चमध्ये आउटडोअर धुणं आणि फिल्टर एवढं घरी होतं. सर्व्हिसनंतर ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते न थांबता बाहेर येतं का हे मेकॅनिक असतानाच बघा. ड्रेनचा पाइप सतत उतारावर हवा आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडता कामा नये, नाहीतर हवा कोंडून पाणी आत परततं. कुबट वास येत असेल तर बंद करण्यापूर्वी वीस मिनिटं फॅन मोड.

विजेच्या बाजूनं दोन गोष्टी. १६ ॲम्पिअरचा प्लग तासभर चालल्यावर हात लावून बघा. गरम लागला तर सॉकेट ढिला आहे, तो लगेच बदला. स्टॅबिलायझर हवा की नको हे एसीवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेवरून ठरवा. आपल्या भागात दाब त्याच्याही खाली जात असेल तर ४ केव्हीएचा घ्या. आउटडोअरच्या पीसीबीवर पाल शिरून शॉर्ट होणं नेहमीचंच आहे, तारा आत जातात ती फट बंद करून घ्या.

ऑक्टोबरात बंद करताना कोरड्या दिवशी तीन-चार तास नुसता फॅन चालवून कॉइल वाळवा, रिमोटचे सेल काढा, एमसीबी खाली करा. आउटडोअरला वरून पत्रा किंवा छज्जा पुरे. चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं तर आत ओल कोंडते आणि थंडीत उंदीर तिथेच घर करतात, वायरी कुरतडतात.