एनएसलुकअप की डिग?
यवतमाळकडच्या एखाद्या गावातील सेवा केंद्रात सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष जोडणीचा की नाव-सर्व्हरचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या संगणकाचा), हे आधी ठरवावे लागते. नाव-सर्व्हरला प्रश्न विचारून पाहण्याची एनएसलुकअप (nslookup) आणि डिग (dig) ही दोन साधने. विंडोजवर एनएसलुकअप आयतेच असते. ते संवादी पद्धतीने सुरू करून 'सर्व्हर ८.८.८.८' (server 8.8.8.8; हा गूगलच्या खुल्या नाव-सर्व्हरचा पत्ता) असा आदेश दिला की पुढचे सर्व प्रश्न त्याच सर्व्हरला जातात, त्यामुळे सेवादात्याच्या सर्व्हरशी उत्तरे लगेच ताडून पाहता येतात. डिग विंडोजवर वेगळे बसवावे लागते (मंद जोडणीवर तेही एक कामच), परंतु उत्तरास लागलेले मिलिसेकंद आणि नाव-पत्त्याच्या नोंदीची उरलेली मुदत ते न मागता दाखवते, तर 'ट्रेस' पर्यायाने नावव्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या (रूट) सर्व्हरपासूनचा संपूर्ण माग काढते. केंद्रचालकाला एनएसलुकअप पुरेसे आहे. नाव-सर्व्हरवरील नोंदी सांभाळणाऱ्याने मात्र डिगच वापरावे.