गिटारच्या जुन्या पिकअपच्या नावाखाली माझे ३९,८५० रुपये गेले

५,००० रुपये टोकन, ३३,००० माल निघण्याआधी, वर १,८५० पॅकिंगचे आणि विम्याचे. एकूण ३९,८५० रुपये मोजले आणि हातात आले दोन अगदी हलक्या प्रतीचे, सिरॅमिक चुंबकाचे पिकअप (गिटारच्या तारांची थरथर पकडून अँपला पाठवणारे भाग), जुन्याचा वेष चढवलेले. विम्याचा कागद तर आलाच नाही.

साइटवर जाहिरात देणाऱ्या विक्रेत्याने सांगितलं होतं ते असं: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा गिब्सन या गिटार कंपनीचा हमबकरचा (गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलींच्या पिकअपचा) जोड, म्हणजे टी-टॉप. गिटार उघडून बसणाऱ्यांना ठाऊकच आहे, यांच्या बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळतात त्या रिळावर, टी अक्षर उठवलेलं असतं आणि कव्हर असलं की ते झाकलं जातं. सगळी गोम इथेच. मी म्हटलं, कव्हर काढून फोटो पाठवा. उत्तर आलं, "सर, मूळ कव्हर उघडलं की किंमत पडते. तुम्ही जाणकार, तुम्हाला मी काय सांगणार?" आता हे खरंही आहे. न उघडलेल्या कव्हरला भाव जास्त मिळतो, म्हणून मी आग्रह सोडला.

पण त्याने पाठवलेला मागच्या बाजूचा फोटो आजही बघितला की तळपायाची आग मस्तकात जाते. कव्हर बेसप्लेटला जिथे जोडतात तिथले ते दोन डाग! इतक्या वर्षांचं सोल्डर काळवंडतं, राखाडी पडतं. हे चकचकीत होतं आणि कडेला फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्याचा) पिवळट, ओलसर थर. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि मागे कुणी दुरुस्ती केली असेल अशी स्वतःची समजूत घातली. अहो, कव्हर कधीच उघडलं नाही म्हणता, मग सोल्डर ताजं कसं? व्यवहार तिथेच मोडायला हवा होता.

स्वस्तात मिळतंय म्हणून भुलला, असं म्हणत मला हावरट ठरवणाऱ्यांनी हेही ऐकावं. भाव काही पडेल नव्हता. मल्टिमीटरचे फोटो मी मागून घेतले: कॉइलच्या तारेचा रोध ७.४८ आणि ७.५२ किलोओहम, टी-टॉपचे यायला हवेत तसेच आकडे. स्टिकरवर पेटंट क्रमांक २,७३७,८४२. हा क्रमांक मुळात गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवतात त्या भागाच्या) पेटंटचा. हमबकरचं पेटंट १९५९ सालचं, क्रमांक २,८९६,४९१. पण कंपनीच्या अस्सल पिकअपवरही तोच टेलपीसचा क्रमांक असायचा आणि या भामट्याला तेवढंही पाठ होतं. इतक्या तयारीच्या माणसापुढे कोणीही फसला असता. स्टिकर नवे छापून विकत मिळतात, त्यावर जाऊ नका. किलोओहमवर तर मुळीच नाही. तार आणि वेढे जमवले की कोणताही पिकअप तो आकडा दाखवतो.

बसवल्यावर आवाज बोचरा वाटला, म्हणून कव्हर काढलं. टी नाही. खाली जाड काळा सिरॅमिक चुंबक. जुन्या पिकअपमध्ये असते ती अल्निकोची (चुंबकाच्या मिश्रधातूची) पट्टी नव्हेच. बाहेर दिसणारी जाळीदार जुनी वायर आत जेमतेम बोटभर आणि तिथे काळ्या टेपखाली चार रंगांच्या नव्या वायरी तिला जोडलेल्या.

पुढचं तर विचारूच नका. साइटवाले म्हणाले, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आमचा संबंध नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, हे फसवणुकीत धरता येत नाही. पोलीस चौकीत ताटकळत बसवलं आणि विचारलं, "वस्तू मिळाली ना? वाजते ना? मग तक्रार कसली? हे दिवाणी प्रकरण आहे." खोटा माल खरा म्हणून विकणं हा गुन्हा नाही? मी चुंबक दाखवला, फोटो दाखवले, त्याचे मेसेज छापून नेले. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली तर साहेबांचा चेहरा असा झाला, जणू गुन्हा मीच केलाय! प्रत्येकजण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि तो माणूस मोकळा फिरतो.

विकणारा कव्हर काढायला तयार नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. किमतीची भीती घातली तर सरळ म्हणा, उघडलेल्याचा भाव लावा आणि उघडा. साइटबाहेर पैसे नकोत. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता आणि तो आता म्हणतोय की पिकअप मीच बदलले.

त्याची जाहिरात अजून सुरू आहे, त्याच फोटोंसकट. साइटला पुन्हा कळवलं. "आम्ही तपासत आहोत," तेच छापील उत्तर.